रोशाचं तेल, खारं पाणी

"घ्याचं असंन तं घ्या, नाई तं नाक काढा टोपल्यातून!"

द्वारका अशी खेकसल्यावर तो माणूस दचकून सरळ झाला. चष्म्याच्या काडीला झेंडूची एक पाकळी चिकटली होती, ती तशीच राहिली. अकोल्याच्या जुन्या शहरातला बाजार, मार्गशीर्षातला गुरुवार, मोर्णेचा पूल ओलांडून फुलांसाठी आलेल्या बायकांची ही झुंबड... आणि हा बाबा मघापासून टोपल्यावर वाकून नुसता वास घेतोय! मागची गिऱ्हाइकं खोळंबली होती.

"मला एवढंच सांगा," तो म्हणाला, "झेंडूला गुलाबाचा वास कसा काय?"

"झेंडूले इचारा. मले काहून इचारता?"

"विचारलं. तो बोलत नाही."

शेजारी कांदे घेऊन बसलेल्या माणिकबाई फिसकन हसल्या. द्वारकालाही हसू आलं होतं, पण तिनं ते पदराआड दाबलं. बाजारात बसणाऱ्या पोरीनं अनोळखी माणसाच्या बोलण्यावर हसू नये, ही तिच्या मायची ताकीद होती.

"गुलाब नोहे तो. रोशा हाय," ती म्हणाली. "आमच्या हिवरखेडाले, डोंगराच्या पायथ्याले गवत होते. माहा बा त्याचं तेल काढते भट्टीवर. तेलाचे डबे अन् फुलं एकाच बैलबंडीत येतात, म्हून वास लागते. झालं समाधान? आता द्या जागा."

पण त्याचे डोळे असे काही चमकले, की जणू कुणी त्याला गुप्तधन दाखवलं. "मी असलंच तेल शोधत होतो! लोखंडाला गंज लागू नये म्हणून..."

"बाप्पा! लोक पोरी शोधून राहिले, अन् तुमी तेल शोधून राहिले?"

हे तोंडातून निघालं आणि द्वारकानं जीभ चावली. तो मात्र कानापर्यंत लाल झाला. त्यानं गडबडीनं हार घेतला, बापाचं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि गर्दीत शिरला. हार तिथंच टोपल्यावर राहिला होता. द्वारकानं तो दुसऱ्या कुणाला विकला नाही. का विकला नाही, ते तिला त्या दिवशी कुणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

पुढच्या आठवड्यात तो हिवरखेडला बसमधून उतरला. कमलाकांत त्याचं नाव. अमरावतीच्या एका कॉलेजात तो रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होता, म्हणजे पोरांना शिशा-नळ्या मांडून द्यायच्या आणि प्रयोग करून दाखवायचे. नोकरी कच्ची. वडील हरिहरशास्त्री, अमरावतीत त्यांच्या पौरोहित्याचा मोठा मान. आणि ह्यांचा मुलगा माळ्याच्या भट्टीपुढं उकिडवा बसून, तांब्याच्या डेगेतून वाफ कशी निघते, नळीतून थंड होऊन पाण्यावर तेलाचा तवंग कसा जमतो, हे तासभर पाहत राहिला. धुरानं डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण उठेल तर शपथ.

"म्हनजे मास्तर, तुमी लोखंडाले अत्तर लावता म्हना की!" द्वारकाचे वडील पंजाबराव म्हणाले. त्यांना बोलायला नवीन माणूस मिळाला की ते खूश असत.

"तसंच समजा. अकोल्याकडलं खारं पाणी लोखंड खातं ना..."

हे कुणाला सांगायची गरज नव्हती. हिवरखेडचं पाणी गोड, पण पूर्णेच्या अंगाला उतरलं की खारपाणपट्टा लागतो. तिथल्या विहिरीत टाकलेल्या बादलीची थोड्याच दिवसांत चाळणी होते. अकोल्यात नत्थुजी शेठची कापसाची जिनिंग-प्रेसिंग मिल होती, तिच्या बॉयलरची तीच रड. चैत्रात हंगाम संपून मिल बंद व्हायची ती दिवाळीनंतर सुरू व्हायची. मधल्या काळात नळ्यांत राहिलेलं खारं पाणी लोखंडाला आतल्या आत खाऊन टाकी. नळी वरून चांगली ठणठणीत दिसे, आणि एखाद्या दिवशी वाफेच्या जोरानं फाटे.

"अशी फाटते पाहा," तेल घालून पाहायला म्हणून कमलाकांतबरोबर खाऱ्या पाण्याचे डबे घेऊन आलेला धर्मपाल म्हणाला, आणि त्यानं सदऱ्याची बाही वर केली. कोपरापासून खांद्यापर्यंत कातडी चुरगळलेली होती. धर्मपाल त्या मिलमध्ये बॉयलरपुढं उभा राहून कोळसा टाकायचा. "मी वाचलो. माह्या जोडीचा नाई वाचला."

द्वारकाच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. लोखंडाचा गंज ही विळ्याला चिंच लावून घासायची गोष्ट, इतकंच तिला आजवर माहीत होतं.

मग कमलाकांतनं नत्थुजी शेठला एक गोष्ट पटवली. येत्या चैत्रात मिल बंद होताना नळ्यांत रोशाचं तेल घातलेलं पाणी भरून ठेवायचं. आता चिरल्याशिवाय नळीच्या आत काही डोकावता येत नाही, आणि चिरली की ती वाया. म्हणून तसल्याच लोखंडाच्या पट्ट्या बरण्यांत बुडवायच्या, काही नुसत्या खाऱ्या पाण्यात, काही तेलाच्या पाण्यात. दसऱ्याला काढून तोलायच्या. तेलातल्या पट्ट्या वाचल्या म्हणजे नळ्याही वाचल्या, मग त्याच नळ्यांवर हंगाम सुरू करायचा, आणि कमलाकांतला मिलमध्ये पक्की नोकरी आणि राहायला क्वार्टर. पट्ट्या खाल्ल्या गेल्या तर नळ्या नव्या बसवायच्या आणि कमलाकांतला रामराम.

बरण्या ठेवायच्या कुठं, हाच प्रश्न होता. कॉलेजात त्या वासानं प्राचार्यांचं डोकं धरलं. घरी हरिहरशास्त्र्यांनी, "पूजेच्या खोलीत अत्तराचं दुकान मांडलंस काय?" म्हणून बरण्या अंगणात काढायला लावल्या. शेवटी पंजाबरावच म्हणाले, "आना इथं. भट्टीच्या छपरात कोनटा रिकामाच हाय. आमच्या नाकाले त्याचं काई नाई."

आणि चैत्रात बरण्या आल्या. तेलातल्या पट्ट्यांना लाल दोरा, नुसत्या पाण्यातल्यांना पांढरा. "हात लावायचा नाही हं कुणी," कमलाकांत बजावून गेला. "फक्त पाणी आटलं तर वरून घालायचं."

"कोन घालंन पानी?" पंजाबरावांनी विचारलं.

"मी घालते," द्वारका म्हणाली. इतक्या चटकन म्हणाली, की भाकरी थापणाऱ्या पार्बताबाईंनी मान वर करून लेकीकडं पाहिलं.

मग काय विचारता! अमरावतीहून अंजनगाव, अकोट करत येणारी ती खडखडी बस, आणि दर पंधरवड्याला तिच्यातून उतरणारा कमलाकांत. बरण्या पाहायला किती वेळ लागतो? पण त्याला दुपार पुरायची नाही. एका बरणीपुढं बसायचा, वहीत काही खरडायचा, आणि मग हळूच विचारायचा, "आज भाजी कशाची?"

"वांग्याची. खाल का? का शास्त्रीबुवाईले चालत नाई?"

"शास्त्रीबुवा अमरावतीत आहेत. इथं मी एकटाच आहे."

"अन् मी?"

"तू... तू तर आहेसच."

हे 'आहेसच' द्वारका मग सबंध आठवडा मनात घोळवायची. वाफ्याला पाणी देताना, शेवंती खुडताना, उगाच! मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र आल्याचं ते पहिलंच वर्ष. गावात झेंडे लागले, पेढे वाटले गेले, त्यातला अर्धा पेढा तिनं पंधरवडाभर डब्यात जपला आणि तो आल्यावर त्याच्या हातावर ठेवला. पेढा दगडासारखा कडक झाला होता. त्यानं तो मुकाट्यानं चघळून संपवला आणि "छान आहे," म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नसे, त्याचे कान लगेच लाल व्हायचे. तेव्हाही झाले, आणि ती पोट धरून हसली.

आषाढात त्यानं दोन पट्ट्या काढून अमरावतीला नेल्या, काचेच्या पेटीतल्या तराजूवर तोलल्या, आणि पुढच्या खेपेला बसमधून उतरून धावतच आला. "द्वारका, लाल दोऱ्याची वाचली! अजून पुष्कळ दिवस जायचेत, आत्ताच काही म्हणता येत नाही, पण... वाचली!"

श्रावणातली एक दुपार तर तिच्या काळजावर कोरली गेली. झड लागली होती. भट्टीचं छप्पर गळायला लागलं. कमलाकांत छत्री उघडून बरण्यांवर धरून उभा, आणि द्वारका शेजारी, वेणीतून पाणी निथळतंय.

"अन् मी वली होऊन राहिली, ते?"

"तुला गंज थोडाच लागणार आहे?"

"लागला तं? कोन घासंन?"

 छत्री हळूहळू सरकत तिच्या डोक्यावर आली, बरण्यांवर टपटप गळायला लागलं, आणि कमलाकांतला, ज्याला एका थेंबाचा हिशेब लागायचा त्या कमलाकांतला, ते दिसलंच नाही. "द्वारका," तो म्हणाला, "मी पंजाबरावांशी बोलू?"

ती पायाच्या अंगठ्यानं ओली माती उकरत राहिली. "लोखंडाचं बोलान, का..."

"लोखंडाचं नाही."

"मंग बोला," ती म्हणाली, आणि पावसात पळत घरात गेली.

पंजाबरावांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडले नाहीत, हसलेही नाहीत. बराच वेळ बिडी हातात धरून बसले, पेटवली नाही. "मास्तर, तुमी मानूस चांगले. पन तुमच्या घरी माह्या पोरीले चुलीजवळ येऊ देतीन का?"

"नाही," कमलाकांत म्हणाला. "वडिलांना विचारलं मी. ती उंबरठ्याच्या आत येणार नाही म्हणाले. म्हणूनच मला अकोल्याची नोकरी हवी. स्वतःचं घर असेल."

"मंग आयका. घर अन् पक्की नोकरी घेऊन दसऱ्याले या, मी पोरगी देतो. लोकं काय बोलतीन ते मी पाहून घेईन. पन नाई झालं तं मले थांबवू नोका. कौंडण्यपूरकडचं एक स्थळ हाय, सहदेव नावाचा पोरगा, संत्र्याचा बगीचा हाय घरचा. दिवाळीपावतर सांगतो म्हटलं मी त्याईले. माह्या हिच्या मागं अजून दोन पोरी हायेत, मास्तर."

दाराआडून द्वारकानं हे ऐकलं. बापाचा राग यावा असं त्यात काहीच नव्हतं, आणि त्याचाच तिला राग आला. त्या दिवसापासून तिचा सगळा जीव त्या बरण्यांत अडकला. सकाळी उठून आधी बरण्यांपुढं हात जोडायची. पार्बताबाई म्हणायच्या, "आता बरन्याईले नवस बोलंन ही पोट्टी!"

भाद्रपदातल्या शेवटच्या खेपेला कमलाकांत सांगून गेला, "कॉलेजच्या परीक्षा आहेत, मला मध्ये येता येणार नाही. नवमीला सकाळी पट्ट्या पाण्यातून काढून कोरड्या ठेव. दसऱ्याला मी येतो आणि घेऊन जातो." एवढंच सांगितलं. आणि नेमकी तिथंच माशी शिंकली.

नवमी म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी माळ्याच्या घरी लोखंड गंजलेलं राहत नाही. विळे, कुदळी, खुरपी, भट्टीचा चिमटा, सगळं चिंचेच्या पाण्यात घालायचं, राखेनं खसाखसा घासायचं, पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचं. ज्याच्यावर पोट चालतं त्याला त्या दिवशी देव मानायचं. द्वारकानं सकाळी पट्ट्या बाहेर काढल्या. बापाचे विळे चकचकीत होऊन पाटावर जायचे, धाकट्या बहिणीची कात्रीसुद्धा जायची, आणि ज्याच्यावर तिचं अख्खं आयुष्य टांगलेलं ते त्याचं लोखंड तसंच घाणेरडं कोनट्यात पडू द्यायचं? पाण्यात ठेवायची मुदत तर संपली होती, हात न लावण्याची अटही तिच्या लेखी तिथंच संपली होती. तिनं दोरे सोडले. लाल, पांढरे, सगळे. पट्ट्या एकाच घमेल्यात चिंचेच्या पाण्यात घातल्या आणि बोटांची सालटं निघेस्तोवर घासल्या. मग पाटावर बापाच्या विळ्यांशेजारी मांडल्या, एकेकीला हळदकुंकू लावलं, शेवंतीचं फूल वाहिलं, आणि म्हणाली, "त्याईले यश दे."

दसऱ्याला कमलाकांत आला तो उतावीळ होऊनच. "कुठं आहेत?"

द्वारकानं पाट पुढं केला. तिचं तोंड आनंदानं नुसतं फुललं होतं. पट्ट्या आरशासारख्या लखलखत होत्या.

कमलाकांतनं एक पट्टी उचलली. उलटून पाहिली. दुसरी उचलली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्याचा चेहरा असा पांढराफटक पडलेला तिनं कधी पाहिला नव्हता.

"काय झालं वो? बोला ना... तुमचं मले भेव वाटून राहिलं."

"दोरे?" त्यानं विचारलं.

"दोरे सोडले. घासाले."

"चिंचेनं?"

"चिंचेनं अन् राखेनं."

तो भट्टीच्या ओट्यावर मटकन बसला. मग त्यानं तिला समजावून सांगितलं, अगदी हळू, कुठंही आवाज न चढवता. पाण्यानं प्रत्येक पट्टी किती खाल्ली तेच तर तोलायचं होतं. आता चिंचेनं खाल्लं किती, राखेनं झिजवलं किती, पाण्यानं नेलं किती, काही कळणार नाही. आणि कोणती तेलातली आणि कोणती नुसत्या पाण्यातली, तेही नाही.

द्वारका ऐकत होती. तिनं सालटं निघालेली बोटं पदरात गुंडाळली. "मी... मी माह्या हातानं..." ती म्हणाली. "मारा मले. खरंच मारा!"

"वेडी आहेस का! मीच गाढव. खंडेनवमी आमच्या घरी होत नाही का? आमच्याकडे पोथ्या पुजतात, तुझ्याकडे लोखंड पुजणार, हे मला कळायला नको होतं? नवमीला काढून ठेव म्हणालो मी! मी!" त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

पंजाबराव आले, त्यांनी सगळं ऐकलं. कमलाकांतनं हात जोडून वर्षाची मुदत मागितली. "पुन्हा बुडवतो पट्ट्या. पुढच्या दसऱ्याला..."

"सहदेवच्या घरच्याईले काय सांगू मास्तर? पट्ट्या पुन्हा बुडवल्या म्हनून सांगू?" पंजाबराव म्हणाले. "एक साल म्हनता, अन् तवाबी नाई जमलं तं? माह्यानं नाई होनार." आणि ते वावराकडं निघून गेले. लेकीपुढं थांबणं त्यांना जमेना.

दोघंच उरली. कमलाकांत कितीतरी वेळ त्या पट्ट्यांकडं पाहत होता. मग एकदम उठून तिच्यापुढं येऊन उभा राहिला.

"द्वारका, दोरे सोडताना तू पाहिल्या असशील ना? लाल दोऱ्याच्या कमी गंजलेल्या होत्या. होत्या ना?"

ती पाटावरची हळद पुसायला लागली.

"आषाढात वाचल्या होत्या, म्हणजे आताही वाचल्याच असणार. मला माहीत आहे आकडा काय आला असता. तू फक्त हो म्हण, लाल दोऱ्याच्या चांगल्या होत्या म्हण. मी तेवढ्यावर लिहून देतो शेठला. कुणाला काही कळायचं नाही. नोकरी मिळेल, घर मिळेल... आपलं घर, द्वारका!"

एक 'हो'. केवढासा शब्द! तिच्या ओठांवर आला होता तो. अकोल्यातलं ते कधी न पाहिलेलं क्वार्टर तिला दिसलं, दारातली तुळस दिसली, कामावरून येऊन चष्मा पुसणारा तो दिसला. खोटं कशाला बोला, त्या घटकेला तिला तेवढंच हवं होतं, दुसरं जगात काही नको होतं.

"तुमाले मायित हाय," तिनं विचारलं, "का वाटते?"

त्यानं पाटावरची एक पट्टी उचलून पुन्हा खाली ठेवली.

"त्या नळ्या सडल्या असल्या, अन् आपुन वाचल्या म्हटलं, तं?"

"सडल्या नसतील..."

"पन असल्या तं? बॉयलरपुढं तं धर्मपालभाऊ उभे राहतीन ना?"

कमलाकांतनं मान खाली घातली. त्याचे कान लाल झाले होते.

"मी पाह्यल्या नाई," द्वारका म्हणाली. रडत रडतच म्हणाली, पण स्वच्छ म्हणाली. "दोरे पहिले सोडले. कोनती कशी होती, मले नाई मायित. असंच सांगा जा शेठले."

"मी तुला खोटं बोलायला सांगितलं," तो पुटपुटला. "मी..."

"माह्यासाठी सांगतलं. जा आता. जा, नाई तं मी हो म्हनून टाकीन!"

तो गेला. आपट्याची पानं द्यायला आलेली पोरं दारात ओरडत होती, सोनं घ्या, सोनं घ्या. द्वारका घमेल्याशेजारी बसून होती, तिला कुणी उठवलं नाही. पार्बताबाई नुसत्या येऊन पाठीवरून हात फिरवून गेल्या.

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, आणि मार्गशीर्षात द्वारकाच्या लग्नाचा मांडव पडला. सहदेव पाहायला आला होता तेव्हा खाली मान घालून बसलेला, भल्या स्वभावाचा माणूस. त्याच्याबद्दल तिला वाईट बोलायला काही सापडलं नाही. अंगाला हळद लागली, हातात हिरवा चुडा चढला, बायका गाणी म्हणत होत्या. तेवढ्यात धाकटी बहीण कानाशी लागली. "ताई, मास्तर आले. भट्टीजवळ उभे हायेत. आत नाई येत म्हनतात."

द्वारका मागच्या दारानं गेली. हळदीच्या अंगानं नवरीनं एकटं बाहेर पडू नये म्हणतात, पण त्या वेळी तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही.

कमलाकांत वाळला होता.  तिनंच आधी विचारलं, "धर्मपालभाऊ बरे हायेत?"

"बरा आहे. नव्या नळ्यांवर मिल सुरू झाली." तो अडखळला. "जुन्या नळ्या काढल्यावर शेठनं एक उभी चिरून पाहिली..."

"अन्?"

"आतून धडधाकट होती. गंज नाही. मग बाकीच्याही चिरल्या, एकही बदलायची गरज नव्हती." तो भट्टीच्या ओट्याकडं पाहत म्हणाला. "शेठनं मला त्याच दिवशी ठेवून घेतलं. क्वार्टर दिलं. मी काल राहायला गेलो. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याऐवजी... मी काही मागायला नाही आलो, द्वारका."

म्हणजे त्या दिवशी ती 'हो' म्हणाली असती तर ते खरंच निघालं असतं. कुणाचं काही बिघडलं नसतं. आज हीच हळद त्याच्या नावानं लागली असती. तिनं भट्टीच्या भिंतीला हात टेकला. मांडवातली गाणी ऐकू येत होती.

"सैपाक कोन करते तुमचा?" तिनं विचारलं.

"मीच. भात करपतो रोज."

दोघंही हसले, आणि हसता हसता तिला रडू कोसळलं. ते तिनं आवरलं नाही.

"एक सांगू? कोनाले नाई सांगतलं. जीव लावला होता मी तुमच्यावर, भल्ला जीव लावला होता, कधी तोंडानं म्हटलं नाई. अन् दसरा झाल्यापासून... मी रोज देवाले मागत होती, का त्या नळ्या सडलेल्याच निघू दे. तुमचं तेल हारू दे. तुमचं! म्हनजे मंग मनाले सांगता आलं असतं ना, का बरं झालं, 'हो' नाई म्हटलं, एक जीव वाचला. मी एवढी वाईट हो, एवढी वाईट!"

कमलाकांतनं चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून उभा राहिला. "नळी चिरली तेव्हा मी तिथंच होतो," तो म्हणाला. "डोळे मिटून उभा होतो. मीही तेच मागत होतो, द्वारका. सडलेली निघू दे म्हणून."

 अकोटकडं जाणारी बस फाट्यावर भोंगा वाजवू लागली. तो दोन पावलं गेला, थांबला, पण वळला नाही, आणि मग भराभर चालत गेला. मांडवातून पार्बताबाईंनी हाक मारली, "द्वारके, चाल वो माय, बायका खोळंबल्या." ती "आली" म्हणाली, पण बस दिसेनाशी होईपर्यंत तिचा पाय काही तिथून निघाला नाही.